बरणीतल्या विभूतीच्या लाटा

कडा, ता. आष्टी
जून १९९७

चि. योगीराज यास धोंडप्पाचे शरणार्थ व आशीर्वाद. तुमच्या अंबाजोगाईत सगळे बरे असतीलच. माझी तब्येत ठणठणीत, नजर तर इतकी साफ की दिवाळीत तू दिलेला चष्मा मी तुझ्या ताईच्याच ट्रंकेत टाकून परत पाठवला. (चाळिशी सगळ्यांनाच लागते, हा डॉक्टर लोकांचा समज आहे.)

शिवकांता रागावून तुझ्याकडे आली. तिनं सांगितलेलं अर्धं असणार, म्हणून बाकीचं लिहितो. बंद भांड्यातल्या विरळ हवेला विजेचा जोर दिला की ती चमकते, तिला प्लाझ्मा म्हणतात. त्यात बारीक धूळ सोडली की कणाकणावर सारखाच भार चढतो, कण एकमेकांना ढकलतात आणि शेवटी अंतर राखून अधांतरी ओळीत बसतात. हा झाला धुळीचा स्फटिक. मासिकात वाचलं, कॉलेजात न जाता कळलं.

हल्ली जो तो रंगीत टीव्ही घेतोय, त्यामुळं माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जुन्या टीव्हींचा ढीग. त्यातून विजेचा जोर मिळाला. बरणी लोणच्याची. हवा उपसायला फ्रिजचा कॉम्प्रेसर लागतो, आणि आमच्याकडं फ्रिज एकच. राहिली धूळ. रस्त्यावरची चालत नाही, कण एकसारखे लागतात. घरात तसा वस्त्रगाळ जिन्नस म्हणजे देवघरातली विभूती. सगळी घेतली.

दुसऱ्या दिवशी बसवजयंती, जंगमस्वामी जेवायला येणार. तिनं आमरस रात्रीच फ्रिजमध्ये ठेवलेला. फ्रिजचं आता नुसतं कपाट झालंय, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. सकाळी रस फसफसला, विभूतीचा डबा रिकामा. रसाची पळी हातात घेऊनच ती दुकानात आली.

“देवाची विभूती बरणीत कोंडून शॉक देताव व्हय?”

“शॉक न्हाई, भार,” मी दुरुस्ती केली. (चुकीचा शब्द मला सहन होत नाही.)

त्याच वेळी बरणीत कण ओळीनं बसले. मी लाऊडस्पीकरचा चुंबक जवळ नेला तशा ओळी गरगरल्या. मग एक लाट उठली, विरायच्या ऐवजी चढतच गेली, आणि सगळी मांडणी विस्कटली. शास्त्रात याला अस्थैर्य म्हणतात. आमच्या घरात ते त्याच दुपारच्या एसटीनं अंबाजोगाईला गेलं.

मी काही तिला बोलावत नाही. माझं लई छान चाललंय.

तुझा दाजी,
धोंडप्पा

ता. क. फ्रिज चालू केलाय. गार होतो, फक्त आवाज करतो.

ता. क. मासिकाला प्रयोग कळवला होता. संपादकांनी लाटेची आकृती मागितली आहे. आता तुला म्हणून सांगतो: मला बरणीत नुसता जांभळा उजेड दिसत होता. “ओ, कावून नुसतं उभं राहिलाव, वाकून बघा की, ओळीनं बसलेत, आता फिरायलेत, ती एक बघा उंच उठली,” हे सगळं पळी हातात धरून तीच बोलत होती. लाट डावीकडून उठली की उजवीकडून, ते तिलाच ठाऊक. तिला लावून दे.

ता. क. चष्मासुद्धा.