उजवा कौल कोणाचा?

साखरखेर्डा, १२ मे १९६३

रा. रा. पंजाबराव यांस, तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे शालिग्रामचा, नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा आणि खामगावचा उन्हाळा दोन्ही आटोक्यात असतील असे धरून चालतो.

कारण असे की आपल्या अन्नपूर्णेला बीबी गावाहून स्थळ आले. पंचवीस एकर, मुलगा निर्व्यसनी (असे त्याचे वडील तोंडातला तंबाखू सांभाळत म्हणाले). पोरीचे मन मात्र मास्तरणीच्या ट्रेनिंगकडे. मी काही अंधश्रद्धाळू नाही, तुम्ही जाणताच. तरी जोखीम नको, म्हणून ओट्यावरच्या देवीला कौल लावला. लग्न ठरवू का, असे विचारून ओले फूल तिच्या डोक्यावर ठेवले. पडले उजवीकडे. उजवा म्हणजे होकार, म्हणून मी पेढे वाटले. शेवटचा पेढा खाऊन झाल्यावर गुरवीण रुक्मिणीबाई म्हणाल्या, तो उजवा तुमचा. देवी तुमच्याकडे तोंड करून बसली आहे, तिचा तो डावा.

मग जोशीबुवा. त्यांनी सत्तावीस गुण जुळवले, आणि नकारच द्यायचा असेल तर मंगळही सापडेल म्हणाले. मेहकरच्या फकिराने किताब उघडून फाल, म्हणजे शकुन, काढली, तर निघाले ‘सब्र करो’. (हे तुमची बहीण मला रोज फुकट सांगते.) शाळेतले भाऊराव मास्तर म्हणाले, चीनमध्ये कासवाचे कवच तापवून भेगा वाचत आणि रोमात पक्ष्यांच्या उडण्यावर लढाया ठरत. कासव कुठून आणणार? मी घराच्या धाब्यावर चढून कावळे पाहत बसलो. एक पूर्वेला गेला, एक पश्चिमेला, आणि तिसरा वाळवणातली कुरडई घेऊन गेला.

कावळे हाकलायला अन्नपूर्णा वर आली. म्हणाली, “बाबा, देवीले इचारलं, फकिराले इचारलं, आता कावळ्याले इचारून राह्यले. मले काऊन नाही इचारत?”

मला फार लाज वाटली. विचारले. तिने एका शब्दात सांगितले आणि मी बीबीला नकार कळवला.

आपला,
शालिग्राम

ता. क. ट्रेनिंग खामगावातच आहे. दोन वर्षे पोर तुमच्याकडे राहील. तिची वळकटी आजच्या एसटीने पुढे पाठवली आहे.

आणखी ता. क. तुम्हाला हे चालेल का, याचा कौल कालच लावला. उजवा आला. शंका नको, या खेपेस मी देवीच्या मागे उभा होतो, म्हणजे तिचा उजवा तोच माझा उजवा. (फूल जरा उजवीकडे सरकवून ठेवले होते, हे रुक्मिणीबाईंना कळू देऊ नये.) अन्नपूर्णा खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते, “मामाले इचारलं काय?” तरी आपले मत कळवावे.