दाखवायला आलेले गृहस्थ

शनिवार, संध्याकाळ

उघडली एकदाची गॅलरी. सदाशिव पेठेतल्या जुन्या दवाखान्यात चित्रं बघायला कोण येणार, ही धाकधूक सकाळपासून होती. पेशंटचं बाकडं मी उगाच ठेवलं का?

पहिले आले ते एक आजोबा. थेट त्या बाकड्यावर बसले. म्हणाले, "दाखवायला आलोय."

मला वाटलं, चित्रकार असतील. विचारलं, "काय आणलंय आपण?"

"गुडघा."

दुरुस्ती होऊन दवाखानाच पुन्हा उघडला, असं त्यांना वाटलेलं. मी ओशाळून खरं काय ते सांगितलं. तरी उठले नाहीत. समोरचं नदीचं चित्र अर्धा तास बघत बसले.

निघताना म्हणाले, "गुडघा आहे तसाच आहे. पुढच्या शनिवारी येतो. बघायला."

बाकडं राहू दे.