खुर्चीवरचा स्वेटर

शनिवार, बॉथेल, अमेरिका

जिंकलो. आमच्या बेसबॉल टीमच्या पिचरने, म्हणजे बोलरने, शेवटपर्यंत एकही रन दिला नाही. तरी तोंड लपवावंसं वाटतंय.

नागपूरहून आलेले बाबा दुसऱ्या इनिंगला टीव्हीसमोरून उठून सहज बाहेर पायऱ्यांवर गेले आणि लागोपाठ दोन स्ट्राइकआउट, समोरचे दोघे बाद. मी ओरडलो, "बाबा, आता तिथेच बसा, आत येऊ नका!" नागपूरला घरी क्रिकेटच्या वेळी करायचो तसंच. ते हसून बसले.

बाहेर गारठा आणि त्यांचा स्वेटर इथे खुर्चीवर. मला दिसत होता. नऊपैकी सातव्या इनिंगलाही दिसला. नेऊन दिला का? नाही. मलाही जागा सोडायची नव्हती ना!

मॅच संपल्यावर दार उघडलं. बाबांचे हात बर्फासारखे गार.

"जिंकलो ना रे आपण? उद्या मॅच असेल तर सांग, बसतो."