दोन पिलूंचा निकाल

ठाणे, टेंभी नाका
वैशाख वद्य पंचमी, शके १८०७

तीर्थरूप भाऊजींस आणि गोदाक्कास त्र्यंबकाचा नमस्कार पोचावा. इकडे आम्ही उभयता सुखरूप आहोत. लक्ष्मीचा खोकला गेला, माझ्याविषयीची तिची काळजी मात्र आहे तशीच आहे. कराचीच्या वाऱ्यात तुमचे गुडघे कसे आहेत आणि अक्काला तिकडे नारळ मिळतो की नाही, ते सविस्तर कळवावे.

आता आनंदाची बातमी. तुम्ही ज्या जंगलखात्याच्या साहेबांकडे माझी शिफारस केली होती, त्यांच्यासमोर परवा शेतकी प्रदर्शनाच्या मांडवात मी त्यांच्याच कचेरीतल्या बी. ए. झालेल्या आनंदरावांना निरुत्तर केले. सगळे ठाणे पाहत होते (निदान तीसेक माणसे तरी होती).

झाले असे. साहेबांनी सिंधच्या वाळवंटातून चोवीस कागद आणले होते. प्रत्येकावर पिलूच्या झुडपाची फळांसकट वाळलेली फांदी शिवलेली आणि सोबत बियांची पुडी. पिलूच्या जाती दोन, खारी आणि गोडी. गोडीची फळे तिकडचे लोक वाळवून ठेवतात आणि दुष्काळात खातात. खारीचे फळ जिभेला झोंबते. साहेबांना गोडीचे बी नगरकडच्या कोरड्या गावांत पेरायचे होते. पण आगबोटीवर दमट हवेने नावांच्या सगळ्या चिठ्ठ्या सुटल्या आणि चोवीस कागद एकमेकांत मिसळले. साहेबांनी विचारले, झाडांतले कोणाला कळते? मी हात वर केला. (आमच्या परसात तुळस आणि दोन जास्वंदी आहेत, हे तुम्हांस ठाऊक आहेच.) तीन दिवसांची मुदत मिळाली. बी चुकले तर त्या गावांतली माणसे वर्षानुवर्षे झाड वाढवणार आणि शेवटी पोरांच्या हाती तिखट फळ देणार, हे साहेब बोलले तेव्हा मला आपला हात खाली घ्यावासा वाटला, पण तोवर माझे नाव लिहून झाले होते.

पहिल्या दिवशी मी पट्टी घेऊन पाने मोजली. पाने वाळून गुंडाळली गेलेली, त्यामुळे एकच पान सकाळी अर्धा इंच आणि दुपारी पाऊण इंच भरे. दुसऱ्या दिवशी चव घेण्याचे ठरवले. पहिलेच फळ असे निघाले की जीभ बधिर झाली, आणि पुढची अकरा फळे मला लाकडासारखी लागली. (ती अकरा फळे वाया गेली, हे साहेबांना कळवलेले नाही.) आनंदरावांनी तर लेखी मतच दिले, की जात एकच आहे, ताजे फळ गोड असते आणि जुने तिखट होते. त्यांचे अक्षर सुंदर असल्यामुळे कचेरीत सर्वांना ते पटले.

तिसऱ्या दिवशी मी ओटीवर कागद पसरून बसलो होतो. इतक्यात मिठागरावर काम करणारी गंगुबाई नेहमीप्रमाणे मीठ घेऊन आली. पाटी उतरवून ती कागदांकडे पाहत राहिली. म्हणाली, "भटजी, यो त आमचे बांदावरचा झार हाय. कागदावर कशाला शिवलाव?"

मी म्हटले, "गंगुबाई, हे सिंधचे झाड आहे."

"आसल. पन यो आमचाच." मग तिने दुसरा कागद उचलला. "आन् यो आमचा नाय. आमचे फलाला देठ आसतं, आन् त्ये जिभेला झोंबतं. याचं फल बघा, काडीलाच चिकटून बसलंय. पान पन बारीक हाय."

मी पाहिले. खरोखर, एका फांदीवर प्रत्येक फळाला बारीक देठ, दुसरीवर देठच नाही. चोवीस कागद, तीन दिवस, एक पट्टी आणि माझी जीभ, एवढ्यांना जे दिसले नाही ते डोक्यावरची चुंबळ न काढता तिला दिसले. माझ्या डोळ्यांत पाणी आले (या वेळी फळामुळे नव्हे).

चौथ्या दिवशी मांडवात मी दोन ढीग केले. आनंदराव हसून म्हणाले, "दोन्ही एकच आहेत." मी साहेबांच्या हाती भिंग दिले आणि देठ दाखवले. त्यांनी बिनदेठाचे फळ खाल्ले, मान डोलावली. मग मी देठाचे एक फळ आनंदरावांपुढे नम्रपणे धरले. त्यांनी ते चावले. कान लाल झाले, नाक वाहू लागले, तरी ते म्हणाले, "गोडच आहे." साहेबांनी त्यांच्यासाठी पाणी मागवले आणि गोडीचे बी त्याच दुपारी नगरकडे रवाना झाले. नंतर त्यांनी मला विचारले, "ही विद्या तुम्ही कुठे मिळवली?" मी मांडवाच्या दाराकडे बोट केले. पुढचे खाली लिहितो.

आपला
त्र्यंबक

ता. क. दारात गंगुबाई उभी होती. साहेबांनी तिला आत बोलावून आणखी पाच झुडपे दाखवली. तिने तीन ओळखली आणि दोन ओळखत नाही म्हणाली. ओळखत नाही असे म्हणणारा माणूस आपल्या खात्यात प्रथमच पाहिला, असे साहेब म्हणाले.

ता. क. दुसरा. सिंधमधली बाकीची झुडपे वेगळी करण्याच्या कामावर नेमणूक झाली आहे, ती गंगुबाईची. ती सांगेल ते लिहून घेण्यासाठी मलाही पाठवत आहेत. ज्येष्ठात कराचीस पोचू.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिण्याचे खरे कारण हेच. गंगुबाई तुमच्याच घरी उतरेल. अक्काचे सोवळे मला ठाऊक आहे, म्हणून तिला आतापासून हळूहळू तयार करावे. अगदीच ऐकेना, तर मला बाहेर ओसरीवर झोपवावे, पण गंगुबाईला घरात घ्यावे. ती आली नाही तर मला परत पाठवतील.