इंचाइंचाचा पियानो

चि. सौ. मेहुणीबाईंस, भावोजींचे भरभरून आशीर्वाद.

साडूभाऊंचा गुडघा आता काय म्हणतो ते सविस्तर कळव. आमच्याकडे सगळे ठीक, फक्त जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरलेली नाही. का, ते सांगायलाच हे पत्र.

तुझ्या ताईने पियानो पुन्हा शिकायला घेतला आहे. (लग्न झाले तेव्हा तिचा माहेरचा पियानो आमच्या जिन्यात मावेना म्हणून तुझ्याकडे राहिला, तो राहिलाच.) क्लास लावला, पण घरी सराव कशावर करणार? म्हटले, मी कशाला आहे? सुतारकाम मला कुणी शिकवलेले नाही, त्यामुळे चुकाही माझ्या स्वतःच्याच असतात. लांब फळी घेतली, रंधा मारला आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या. आवाज नाही, पण रूप असे की शेजारीण म्हणाली, "वाजत नाही हे फार छान."

जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या त्या मुक्या फळीवर ताई रोज सकाळी सरावाला बसायची. चुकली की स्वतःच "अंहं" म्हणायची. (मला काहीच ऐकू आलेले नसायचे.) पण गाणे कुठे रंगात आले, ते मला चहा घेऊन उभ्या उभ्या तिच्या मानेच्या डोलण्यावरून कळायचे.

क्लासच्या बाईंकडे खऱ्या पियानोवर मात्र तिची बोटे भलतीकडेच. दोन्ही हात बाहेर बाहेर सरकायचे. बाई म्हणाल्या, वयाने होतं असं. ताई रडकुंडीला आली, क्लास सोडते म्हणाली. मग एके दिवशी माझी मोजायची टेप घेऊन क्लासला गेली आणि परत आल्यावर शांतपणे म्हणाली, "अहो, पियानोची पट्टी इंचाहून थोडी अरुंद असते." मी प्रत्येक पट्टी भरघोस इंचाची केली होती. (अर्धीमुर्धी मापे मला आवडत नाहीत. तुझ्या कपाटाचे दारही त्यामुळेच लागत नाही.)

मी फळी मोडायला घेतली, तर तिने हिसकावून घेतली. "राहू द्या. बोटांना रस्ता कळलाय, अंतर तेवढं मी आवरीन."

आणि आवरले की गं! परवा बाईंकडे सगळ्या शिष्यांचे वादन झाले. बाकीच्यांचे पाय स्टुलावरून जमिनीला टेकत नव्हते. ताई मध्येच चुकली, थांबली, "अंहं" म्हणाली आणि जराही न गडबडता पहिल्यापासून सुरू करून शेवटपर्यंत गेली. खोलीत कुणी हलले नाही. मी तर टाळ्या वाजवायचेच विसरलो. बाईंनी नंतर बाजूला घेऊन सांगितले, घरी खरा पियानो नसेल तर यापुढे शिकवण्यात अर्थ नाही. तेव्हापासून ताई नुसती फळी पुसते आहे.

तुझे,
भावोजी

ता. क. तुझ्याकडच्या पियानोवर हल्ली कुंड्या असतात असे ऐकतो. कुंड्यांना मी छानसे स्टँड करून देतो. ताई तुझ्याकडे जन्मात मागणार नाही, म्हणून मी मागतो आहे. जिन्याचे माप मी जातीने घेतले. कठडा काढला की पियानो आरामात येईल.

आणखी ता. क. एवढे लिहितो तोच ताई मागे उभी राहून सगळे वाचून गेली. वाटले, आता रागावेल. तर तिने टेप उचलली आणि जिन्यात गेली आहे. माझ्या मापावर तिचा विश्वास नाही, पण नको म्हणाली नाही. कुंड्या उतरवायला घे.