तुकडे हवेत असताना

सोमवार, ४
नवी नोकरी! घरी कप फुटला की बोलणी खायची, इथे फोडण्याचा पगार. साहेब फुटत्या वस्तूंचे फोटो काढतात. बल्ब, बरण्या, बशा. पद्धत सोपी. खोलीत काळोख करायचा, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं, मी हातोडी मारायची. आवाज झाला की फ्लॅश आपोआप उडतो आणि तुकडे हवेतच टिपले जातात. मग झाडू आहेच. साहेबांनी एकच ताकीद दिली: काळोखात अख्ख्या वस्तूसमोर आवाज करायचा नाही. फोटो वाया जात असेल, असं धरून चालले. घरी येऊन बाबांचं औषध, पथ्याचं जेवण. पाठीचा पार भुगा झाला.

गुरुवार, ७
काचेच्या धुळीने शिंक आली आणि फ्लॅश उडाला. समोर निळी बशी अख्खी होती. फोटोत मात्र तिचे सात तुकडे. म्हटलं, थकव्याने डोळे फिरले असतील. साहेबांनी फोटो पाहिला आणि बशी कपाटात ठेवून दिली.

रविवार, १०
बशी कपाटात आपोआप फुटली. सातच तुकडे, फोटोतल्यासारखेच. साहेब म्हणाले, तिसऱ्या दिवशी फुटतंच. फोटो पुसून उपयोग नाही. आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात, असंही म्हणाले. खरं आहे. सोडून जावं, तर या वयात दुसरं काम कोण देणार?

मंगळवार, १२
बाबांना सांभाळणारी बाई आली नाही, म्हणून त्यांना सोबत नेलं. कोपऱ्यात बसवलं होतं. दिवे घालवताच ते घाबरून उठले आणि चाचपडत थेट कॅमेऱ्यासमोर आले. मी धावले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात त्यांना खोकला आला.
फ्लॅश उडाला.

बुधवार, १३
बघायचा नाही असं ठरवलं होतं. बघितला. बाबांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा, गालाचे तुकडे हवेत. खांद्यावरचा माझा उजवा हात — तोही. साहेब रडले. माझ्यात रडायचंही त्राण नाही.

शुक्रवार, १५
रजा घेतली. बाबांना चहूबाजूंनी उशा लावून बसवलंय. वेडेपणा आहे, कळतंय. किती दमलीस गं, पड जरा, म्हणाले. कितीतरी महिन्यांनी मला ओळखून बोलले.

दुपार
कपाळावर रेघ — सुरकुती नाही ती —
दुखत नाही म्हणतात. मलाच धीर देतायत. डाव्या हाताने त्यांचा हात धरलाय. सोडणार नाही. उजव्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत बारीक — पेन धरव