धूपगडचा उसना दगड

बाई,

तुमचा दगड मध्यंतरी पडद्यावर दिसला. हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये, भिंतीएवढा मोठा. इतकी वर्षं तो माझ्या टेबलावर कागद दाबत बसला होता आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, हा धूपगडचा, माझ्या पहिल्या डोंगराचा. त्या दिवशी तिथे बसलेल्या क्लबच्या लोकांनी आणि समुद्रापलीकडच्या दहा-बारा जणांनी तो एकदम पाहिला आणि मला एसीत घाम फुटला. हे सगळं तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, पण ऐकायचा पहिला मान तुमचाच होता. मी मात्र आधी परक्यांना सांगून बसले.

तर मी आता नागपुरातल्याच एका कॉलेजात भूगोल शिकवते. तुम्ही शाळेच्या मागच्या अंगणात माती आणि शेगडीची राख कालवून आमच्याकडून हिमालय करून घ्यायचा, शिवालिक अर्धी वीत, मधली रांग एक वीत, आणि मग सगळ्या वर्गाला त्याच्याभोवती फिरायला लावायचा. मी तसंच करते, फक्त राख मिळत नाही म्हणून लाकडाचा भुसा घेते. दोन वर्षांपूर्वी तो हिमालय वाळत असताना एक मुलगी म्हणाली, मॅडम, याच्याभोवती फिरण्यापेक्षा खऱ्यावर जाऊ ना. तिथून हे खूळ निघालं. आठ मुली, उत्तराखंडातली एक खिंड ओलांडायची, आणि त्याचा माहितीपट त्यांनी स्वतःच करायचा. विषय साधा: ज्यांनी जन्मात डोंगर पाहिला नाही, त्यांचा पहिला डोंगर. कॅमेरा सांभाळणारी मुलगी नरखेड तालुक्यातली आहे. वडिलांची संत्र्याची बाग, बोलणं सडेतोड, आणि माझ्यावर तिचा डोळा कॅमेऱ्याइतकाच बारीक.

आता आपल्या गावात चढायला काय आहे, हे तुम्ही जाणता. सेमिनरी हिल्सला हिल म्हणणं हाच मुळात मनाचा मोठेपणा आहे. म्हणून आम्ही सकाळी साडेपाचला मेट्रो स्टेशनचे जिने चढतो. नवीन आहे हे, तुमच्या वेळी नव्हतं. रस्त्याच्या वर तीन मजले उंचावरून आगगाडी जाते असं समजा. पाठीवर वजन हवं म्हणून नरखेडची मुलगी घरून मृगबहाराची संत्री आणायची आणि प्रत्येकीच्या पिशवीत भरायची. पहिल्या दिवशी तिथला गार्ड माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, बाजूले लिफ्ट चालू आहे ना. काहून पोरींचा जीव काढून राहिल्या?” मी त्याला हिमालयाचं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या फेऱ्या मोजायला लागला. मी स्वतः खालच्या बाकावर बसून वेळ लावायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढ्या मोठ्या प्रवासाला कुणाचा तरी हात लागणारच होता. तसा एक आंतरराष्ट्रीय क्लब आहे, शहराशहरांत त्याच्या शाखा, आणि परदेशातली एखादी शाखा जोडीला उभी राहिली की त्यांची मदत मोठी होते. तुम्ही मला घेऊन गेला होता तोच हा क्लब असेल किंवा नसेल. घंटा मात्र तशीच आहे. सभा सुरू करताना वाजवतात, आणि बोलणाऱ्याची पाच मिनिटं संपली की पुन्हा वाजवतात.

ती घंटा मी अजून विसरलेले नाही. नववीत आहे मी, दोन वेण्या, निळा स्कर्ट, तुमच्या मोपेडवर मागे बसलेली. तुम्हाला आम्हाला पचमढीला न्यायचं आहे, बस हवी आहे, आणि क्लबासमोर बोलायला तुम्ही मला निवडलं आहे. भाषण इंग्रजीच्या सरांकडून लिहून घेतलं होतं मी, तुम्हाला न दाखवता. त्यात आम्ही किती गरीब, आमच्या नशिबी कसं काही नाही, आपणच आमचे मायबाप, असं सगळं होतं. सफारी सूट घातलेल्या दोन काकांनी तर डोळे पुसले. बस मिळाली. मी फुशारकीत बाहेर आले तर तुम्ही मोपेडला किक मारेनात. “काहून वं,” तुम्ही म्हणालात, “आपण रडाले गेलतो का तिथं? डोंगर पाहाचा आहे म्हणून बस पाहिजे, एवढंच सांगाचं होतं. तू त गरिबीचं कीर्तन करून आली.” मला फार लागलं होतं ते. सहलीच्या दिवशी बसला हा लांब कापडी फलक बांधून आला, ‘गरीब विद्यार्थिनींच्या सहलीसाठी’. तुम्ही तो गाठी सोडून काढलात आणि वर जाऊन त्याची सतरंजी करून त्यावर सगळ्यांना डबे खायला बसवलंत. हे मला मैत्रिणींनी सांगितलं. कारण मी नव्हतेच.

मला ताप होता. निदान आईच्या हाताला तसं लागलं. तुम्ही पहाटे मला न्यायला आलात, कपाळावर हात ठेवलात, जरा वाकलात, माझ्याकडे पाहिलंत आणि “आराम कर” म्हणून निघालात. बाई, मला ताप नव्हता. मला उंचीची भीती वाटायची. घराच्या गच्चीच्या कठड्याशीही मी जात नसे, आणि तुम्ही वर्गात सांगितलं होतं की पचमढीच्या धूपगडावरून खाली सगळं दिसतं. ते ‘खाली’ माझ्या डोक्यात बसलं होतं. रात्री झोपताना मी काखेत कांदा ठेवला, त्यानं अंग तापतं असं आम्ही मुली मानत होतो. ताप किती चढला देव जाणे, पण खोलीभर वास सुटला होता. तुम्ही वाकलात तेव्हा तुम्हाला तो आलाच असणार. पुढच्या रविवारी तुम्ही घरी आलात आणि माझ्या हातात हा दगड ठेवलात. तांबूस, एका बाजूनं सपाट. सोबत चिठ्ठी, तुमच्या त्या उभट अक्षरात: ‘हा धूपगडचा. तुला उसना दिला आहे. जाशील तेव्हा जागच्या जागी ठेवून ये.’ मी गेले नाही. नंतर तुम्ही आजारी पडलात, मग गेलात. आणि मी दगड टेबलावर मांडून म्हणायला लागले, माझा पहिला डोंगर. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, मग मला स्वतःलाही वरचा वारा आठवायला लागला.

आता क्लबाचा अर्ज. पहिला खर्डा मी लिहिला आणि मुलींना वाचायला दिला. नरखेडची मुलगी दुसऱ्याच ओळीला थांबली. “मॅडम, आमच्या घरी संत्र्याची बाग आहे. मोटरसायकल आहे. मले वंचित काहून लिहिलं?” मी म्हटलं, अगं, अर्जात असं लिहावं लागतं. ती म्हणाली, “मंग अर्ज खोटा झाला ना.” माझ्या कानात तुमची मोपेड सुरू झाली, बाई. वंचित गेलं, मागास गेलं, मायबाप तर गेलेच. राहिलं ते एवढंच की आम्हाला डोंगर पाहायचा आहे आणि तो दाखवायचा आहे. पण त्याच अर्जात खाली एक रकाना होता, गटप्रमुखाचा अनुभव. तिथे मी ‘पचमढी, धूपगड’ लिहिलं. आणि त्याच्याखाली लिहिलं की गुडघ्याच्या दुखण्यामुळे गटप्रमुख पायथ्याच्या गावात थांबून व्यवस्था पाहतील. मुलींनी तेही वाचलं. माझा गुडघा दुखतो हे त्यांनी खरंच मानलं होतं.

सभेला आम्ही नऊजणी गेलो. अध्यक्ष कापडाचे व्यापारी, फार प्रेमळ माणूस, घंटेवर हात ठेवूनच बसलेले. समोरच्या पडद्याच्या एका कोपऱ्यात युरोपातल्या कुठल्याशा थंड गावातल्या शाखेची मंडळी दिसत होती, सगळी स्वेटर घालून. त्यांनी हो म्हटलं तरच आमचं जमणार होतं, नाहीतर मुलींचा हिमालय पुन्हा भुशाचाच राहणार होता. मुलींनी चार मिनिटांची नमुन्याची फिल्म लावली. ती त्यांनी मला दाखवली नव्हती, मॅडमसाठी सरप्राइज म्हणे. तर ती सुरू होते तुमच्या दगडानं. वर मुलीचा आवाज: हा आमच्या मॅडमचा पहिला डोंगर. त्या गेल्या, म्हणून आम्हाला जावंसं वाटलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पुढे जिने आले, गार्ड आला, पिशव्या आल्या. फिल्म संपल्यावर पलीकडच्या एका पांढऱ्या केसांच्या आजींनी विचारलं, वर जाताना पिशव्या भरलेल्या दिसतात आणि उतरताना रिकाम्या, असं कसं? नरखेडची मुलगी उभी राहिली आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाली, वर पोचलं की आम्ही वजन खातो. हॉल हसला, पडदा हसला. आणि मी दोन महिने बाकावर बसून अर्ध्याच सरावाची वेळ लावत होते, हे मला तेव्हा कळलं.

मग आजी माझ्याकडे वळल्या. त्या दगडाबद्दल सांगा, म्हणाल्या, तो डोंगर कसा होता? आणि तुम्ही पायथ्याशी का थांबणार?

बाई, वारा कसा होता, सूर्य कसा होता, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. गुडघाही तयार होता. मी उठले आणि आठ तोंडं माझ्याकडे पाहताना दिसली, आणि ‘मंग अर्ज खोटा झाला ना’ आठवलं. मी म्हटलं, मी धूपगडावर गेलेले नाही. हा दगड माझ्या बाईंनी आणला, मी त्या दिवशी ताप आल्याचं नाटक केलं होतं. माझा गुडघा ठणठणीत आहे. मला उंचीची भीती वाटते, म्हणून मी खाली थांबणार होते. कांद्याचंही सांगितलं, इंग्रजीत काखेतला कांदा समजावून सांगताना काय होतं ते विचारू नका. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती, अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही. खाली बसले तेव्हा मला वाटत होतं की मी मुलींचा डोंगर त्यांच्यादेखत घालवला. बाहेर आल्यावर मी त्यांची माफी मागितली. नरखेडची मुलगी कॅमेरा पिशवीत भरत म्हणाली, “मॅडम, मी सगळं शूट करून राहिली होती. आपली फिल्म आता सुरू झाली.”

अकरा दिवस वाट पाहिली. त्या दिवसांत मी वर्गात हिमालयाचं नावही काढलं नाही. मग पत्र आलं. ते मदत करणार होते, दोन अटींवर. एक, सोबत अनुभवी वाटाड्या असावा, जे आमच्या डोक्यात होतंच. दुसरी आजींची: गटप्रमुखांनी पायथ्याशी थांबायचं नाही, आणि त्या चढताना कशा दिसतात तेही फिल्ममध्ये यावं. मुलींनी स्टाफरूममध्ये येऊन असा काही दंगा केला की प्राचार्य धावत आले. अध्यक्षांचा फोन आला, “मॅडम, आमची मिसेस म्हणते मी पण येतो जिने चढायला. तुम्ही तिले घ्याच.” त्या रोज येतात आता, आणि माझ्याहून भराभर चढतात. संत्र्यांचा बहार संपला, पिशव्यांत तूरडाळ भरतो. ती वर जाऊन खाता येत नाही. मीही चढते. तिसऱ्या मजल्यावर कठडा दिसला की मी भिंतीला चिकटते, तेव्हा गार्ड मुद्दाम मोठ्यानं माझी फेरी मोजतो.

वाटाड्यानं सांगितलंय की हिमालयाआधी एखादा लहान डोंगर करा. कुठला, ते मुलींनी मला विचारलंसुद्धा नाही, परस्पर बस ठरवून टाकली. परवा पहाटे निघायचं आहे, पचमढीला. दगड धुऊन, रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला आहे, तुमची चिठ्ठी त्याच्यासोबत. टेबलावर त्याच्या जागी फिकट चौकोन उमटला आहे आणि कागद उडतात. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेही पिशवीतच राहील. तुम्ही दगड नेमका कुठून उचललात ते लिहायला विसरलात, तेव्हा जागच्या जागी म्हणजे मला जमेल तिथे.

आणि एक. भीती अजून तेवढीच आहे. काल संध्याकाळी भाजी चिरायला बसले तेव्हा एक कांदा हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते. मग तो चिरला आणि भाजीत टाकला.